नळाचं पाणी कीटकभक्षी झाडांना चालतं का?

चालतं, पण सगळ्यांच्या नळाचं नाही. ज्यांच्या नळाचं चालतं त्यांनाही ते कसं घालायचं याचा विचार करावा लागतो. व्हीनस फ्लायट्रॅप, ड्रॉसेरा, सरासेनिया, घटपर्णी ही झाडं आता ऑनलाइन सहज मिळतात आणि सोबत एक सूचना हमखास येते: फक्त डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी वापरा. का, ते कोणी सांगत नाही. मग एक तर माणूस घाबरून पाण्याचे कॅन विकत आणत बसतो, नाही तर 'आम्ही पितो तेच पाणी, झाडाला काय होणार' म्हणत नळाखाली कुंडी धरतो. पहिल्याचे पैसे जातात, दुसऱ्याचं झाड.

आधी ही झाडं राहतात कुठे ते बघू. व्हीनस फ्लायट्रॅप निसर्गतः जगात एकाच पट्ट्यात उगवतो: अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलायना या राज्यांच्या किनाऱ्यालगतच्या पाणथळ माळांवर. तिथली जमीन म्हणजे वाळू आणि कुजलेलं शेवाळ. ओल भरपूर, माती आंबट, आणि नत्र-स्फुरदाच्या नावानं ठणठणाट. इतर झाडं तिथे उपाशी मरतात. फ्लायट्रॅपनं नत्र-स्फुरद मिळवायचं काम पानांवर टाकलं, पानांचे सापळे केले आणि माश्या-मुंग्यांमधून ती गरज भागवली. मुळं मुख्यतः पाणी ओढण्यापुरती राहिली, तीही मोजकी आणि आखूड.

इतक्या लांब जायचंही कारण नाही. साताऱ्याजवळच्या कास पठारावर जांभ्याच्या कातळावर मातीचा पातळ थर असतो. पावसाळाभर त्यावर पाऊस कोसळतो आणि विरघळण्यासारखं जे काही असेल ते धुऊन नेतो. उरलेल्या त्या नापीक ओलीत दवबिंदू, म्हणजेच ड्रॉसेरा, पानांवर चिकट थेंब लावून किडे धरते. ज्या निळ्या-जांभळ्या सीतेच्या आसवांचे फोटो काढायला गर्दी लोटते, तीही कीटकभक्षीच. तिचे सापळे जमिनीखाली असतात, बारीक फुग्यांसारखे, आणि ओल्या मातीतले सूक्ष्म जीव ते आत ओढून घेतात. (हे बघून कोणाला पठारावरून रोप उपटून आणावंसं वाटलं तर आणू नये. कायद्यानं बंदी आहेच, शिवाय ते कुंडीत जगत नाही.)

मेघालयातली घटपर्णी असो, कॅरोलायनातला फ्लायट्रॅप असो की कासची दवबिंदू, बहुतेकांना मिळतं ते मुख्यतः पावसाचं पाणी, म्हणजे जवळपास काहीच न विरघळलेलं. त्यांच्या मुळांना खारटपणाची सवय नाही.

'शुद्ध' पाण्यात काय असतं

पिण्याचं पाणी शुद्ध आहे असं आपण म्हणतो तेव्हा त्यात रोगजंतू नाहीत, विषारी काही नाही, असं म्हणायचं असतं. क्षार नाहीत असा त्याचा अर्थ होत नाही. पाण्यात विरघळलेल्या एकूण घन पदार्थांना टीडीएस म्हणतात. एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅम म्हणजे एक पीपीएम. पिण्याच्या पाण्यासाठीचं भारतीय मानक, आयएस १०५००, ५०० पर्यंतचा टीडीएस चांगला मानतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. माणसाला ५०० पीपीएमनं काही होत नाही. आपल्याला मूत्रपिंडं आहेत, नको ते मीठ आपण बाहेर टाकतो. कुंडीतल्या झाडाला ती सोय नाही.

या बाबतीत मुंबई-पुण्याचे लोक नशीबवान आहेत. भातसा, तानसा, वैतरणा किंवा खडकवासला, पानशेत, वरसगाव या धरणांत सह्याद्रीवर पडलेला पाऊस थेट येऊन साठतो. जमिनीत मुरून खडकांतले क्षार विरघळवायला त्याला फारसा वेळच मिळत नाही. त्यामुळे महापालिकेच्या नळाचा टीडीएस बहुतेक वेळा शंभराच्या आसपास किंवा त्याखाली असतो. पण त्याच पुण्याच्या कडेच्या सोसायट्यांमध्ये टँकर आणि बोअर सुरू झाले की चित्र पालटतं. बोअरचं पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांमधून फिरत आलेलं असतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट घेऊनच ते वर येतं, आणि टीडीएस सहज काहीशे भरतो. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांना मी काय सांगणार? तिथलं भूजल पिकांनाही सोसत नाही, तर ड्रॉसेराला कुठून सोसणार.

एकाच इमारतीत सकाळी धरणाचं आणि संध्याकाळी टँकरचं पाणी येत असेल तर 'आमच्या नळाचा टीडीएस किती' या प्रश्नाला एक उत्तर नसतं. उन्हाळ्यात पुन्हा मोजावं.

कुंडी की मिठागर

शंभर पीपीएम हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, आणि एका दिवसापुरता तो किरकोळच आहे. झाड एका पेल्यानं मरत नाही. म्हणून तर लोक फसतात. दोन-तीन महिने नळाचं पाणी घातलं, काही झालं नाही, म्हणजे चालतंय, असं वाटतं.

ही झाडं पाणथळ जागेतली, म्हणून त्यांची कुंडी पाण्याच्या बशीत ठेवतात. बशीतलं पाणी खालून चढतं, कुंडीत मातीऐवजी भरलेल्या मिश्रणाच्या पृष्ठभागावरून आणि पानांवाटे उडून जातं, आणि आणखी पाणी चढतं. उडून जातं ते नुसतं पाणी. त्यातले क्षार कुंडीतच राहतात. उरण-वसईच्या मिठागरांत भरतीचं पाणी वाफ्यांत घेऊन उन्हात सोडतात आणि मीठ गोळा करतात, अगदी तेच आपण बाल्कनीत करत असतो.

आकडेमोड करून बघू. समजा एका लहान कुंडीत मिळून अर्धा लिटर पाणी मावतं आणि रोज १०० मिली उडून जातं. वर्षाला साडेछत्तीस लिटर पाणी आत आलं. ते २० पीपीएमचं असेल तर वर्षाकाठी कुंडीत पाऊण ग्रॅमच्या आत क्षार साठतात. १०० चं असेल तर सुमारे साडेतीन ग्रॅम. ५०० चं असेल तर अठरा ग्रॅम. अर्ध्या लिटरमध्ये अठरा ग्रॅम म्हणजे लिटरला ३६, आणि समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. हिशोब कागदावरचा आहे. प्रत्यक्षात यातला बराच चुना पांढऱ्या थरासारखा कुंडीच्या काठावर आणि मिश्रणावर बसतो, सगळा विरघळलेला राहत नाही. तरी रोख कळायला तो पुरे.

म्हणून नळातून किती क्षार येतात एवढंच बघून भागत नाही. ते कुंडीतून बाहेर कसे पडतात, किंवा पडतच नाहीत, यावर झाडाचं जगणं जास्त ठरतं.

साठलेले क्षार झाडाचं करतात काय? पहिली गोष्ट, मुळांभोवतीचं पाणी खारट झालं की मुळांना ते ओढणं जड जातं. बशी भरलेली असते आणि झाड तहानलेलं. दुसरी, बायकार्बोनेट. ज्या पीट मॉसमध्ये, म्हणजे पाणथळीतल्या कुजलेल्या शेवाळात, ही झाडं लावतात ते मुळात चांगलंच आम्लधर्मी असतं, सामू (पीएच) चारच्या आसपास. जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलेल्या, पाण्यातलं बायकार्बोनेट ते आम्ल हळूहळू मारून टाकतं, सामू चढतो, आणि लोहासारखी द्रव्यं मातीत असूनही मुळांना मिळेनाशी होतात. तिसरी, पाण्यात नायट्रेट वगैरे असतील तर कुंडीत शेवाळाची चंगळ होते आणि लहान रोपं त्याखाली गुदमरतात.

क्लोरीनचा धसका मात्र लोकांनी उगाच घेतलेला आहे. नळाच्या पाण्यात तो एका लिटरला मिलिग्रॅमच्या आत असतो आणि उघड्या बादलीत उडून जातो. खरा त्रास क्षारांचा.

मोजायचं कसं

टीडीएस मीटर म्हणजे पेनाएवढं यंत्र, काहीशे रुपयांत मिळतं. कीटकभक्षी झाडांवर हजारभर खर्च करणाऱ्यानं ते घ्यावंच. ते खरं तर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज बांधतं. क्षार कॅल्शियमचे की सोडियमचे, हे त्याला कळत नाही, आणि जंतूंबद्दलही ते काही सांगत नाही. आपल्या कामापुरता अंदाज पुरतो.

झाडं वाढवणाऱ्यांमध्ये रूढ असलेला ठोकताळा साधारण असा: ५० च्या आत असेल तर निर्धास्त वापरा. ५० ते १०० मध्ये चालेल, पण कुंडी अधूनमधून धुवावी लागेल. १०० ते २०० म्हणजे अडचणीच्या वेळी, आणि बशीत मुळीच नाही. त्यापुढे नको.

मीटर नसेल तर गिझरची कॉइल आणि नळाची जाळी बघा. त्यांच्यावर पांढरा थर धरत असेल तर पाणी जड आहे. थर धरत नसेल तर मात्र काही सिद्ध होत नाही, कारण सोडियमच्या मचूळ पाण्याचा तसा थर बसत नाही.

मीटरचा सगळ्यात चांगला उपयोग नळाशी नसून कुंडीशी आहे. बशी काढून टाका, वरून हळूहळू चांगलं पाणी घाला आणि खालच्या भोकांतून निथळलेलं पहिलं पाणी पेल्यात धरून मोजा. घातलेलं पाणी २० चं आणि निथळलेलं ४०० चं निघालं, तर आत काय साठलंय ते समोर आलं. नळाचा आकडा ९० की ११० यावर वाद घालण्यापेक्षा ही मोजणी महिन्यातून एकदा करणं मला जास्त कामाचं वाटतं.

न चालणारे उपाय

पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन जातो, क्षार तसेच राहतात. उकळल्यानं कॅल्शियमचा काही भाग तळाशी बसतो, पण सोडियम, क्लोराइड, सल्फेट जागचे हलत नाहीत, आणि पाणी आटल्यामुळे उलट दाट होतात. तुरटी गढूळपणा खाली बसवते, विरघळलेलं काही काढत नाही. कार्बनचा साधा फिल्टर वास आणि क्लोरीन काढतो, बस.

सगळ्यात फसवा प्रकार सॉफ्टनरचा. बोअरवाल्या सोसायट्यांत तो बसवलेला असतो, साबणाला फेस छान येतो, आणि पाणी 'हलकं' झालं असं वाटतं. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम देतो. टीडीएस कमी होत नाही आणि झाडाच्या दृष्टीनं सोडियम आणखी वाईट. बाटलीबंद पाण्याचंही गृहीत धरू नका. चवीसाठी त्यात बऱ्याचदा क्षार मुद्दाम घातलेले असतात.

चालणारं पाणी

घरच्या आरओचं पाणी सोयीचं, पण त्यात दोन खाचा आहेत. आरओचा पडदा नव्वद टक्क्यांहून जास्त क्षार अडवतो, म्हणजे ५०० चं पाणी पन्नासच्या खाली यायला हवं. तरी पुष्कळ घरांत तोटीतून ८०-१०० चं येतं, कारण यंत्रात टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल काडतूस असतं आणि ते चवीसाठी क्षार परत मिसळतं. तेव्हा तोटीखाली मीटर धरूनच ठरवा. दुसरी खाच जास्त महागात पडते: आरओमधून वाया जाणारं पाणी बादलीत धरून झाडांना घालायची चांगली सवय अनेक घरांत आहे. जास्वंदीला आणि कढीपत्त्याला ते एकवेळ घाला. फ्लायट्रॅपला नको, कारण पडद्यानं अडवलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात.

एसीचं पाणी म्हणजे हवेतली वाफ थंड कॉइलवर जमून झालेलं. त्यात क्षार जवळपास नसतात आणि मुंबईच्या दमट हवेत ते बादलीभर मिळतं. कॉइलवरची धूळ आणि बुरशी त्यात उतरते एवढंच, म्हणून कापडातून गाळून घ्यावं, आणि सर्व्हिसिंगनंतरचं पहिल्या काही दिवसांचं सोडून द्यावं, कारण कॉइल धुवायचं रसायन त्यात असू शकतं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणीही चालतं. घेताना लेबल वाचा. शेजारीच बॅटरीचं अ‍ॅसिड ठेवलेलं असतं.

आणि मग पाऊस. माझ्या मते आपल्याकडे या झाडांसाठी याहून चांगलं काही नाही, आणि तो फुकट आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिमी पडतो असं धरा. गॅलरीबाहेर बांधलेल्या दोन चौरस मीटरच्या प्लॅस्टिकवर १,४०० लिटर येतील. वरच्या हिशोबानं एका कुंडीला पावसाळ्याबाहेरच्या आठ महिन्यांत चोवीस लिटर लागतात. आठ कुंड्यांचं वर्ष २०० लिटरच्या एका पिंपात निघतं. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी सोडून द्या, त्यात छपराची आणि हवेची धूळ असते. पिंप प्रकाश आत न जाणारं घ्या, नाही तर हिरवं होईल. तोंडाला बारीक जाळी घट्ट बांधा, कारण डेंग्यूचा डास असल्या स्वच्छ पाण्याचीच वाट बघत असतो.

साठवायला जागा नसेल तर नुसती कुंडी पावसात ठेवा. १० सेंटिमीटर व्यासाच्या कुंडीच्या तोंडावर २,००० मिमी पावसात जवळजवळ सोळा लिटर पाणी पडतं, म्हणजे कुंडीत मावतं त्याच्या तीसपट. पुण्याच्या पावसातही दहापट. आठ महिने साठलेले क्षार जुलैत वाहून जातात. बशी तेवढी काढून ठेवा, नाही तर धुतलेलं पुन्हा वर चढेल.

नळाशिवाय पर्याय नसेल तर

धरणाचं पाणी येणाऱ्या शहरात नळाच्या पाण्यावर ही झाडं वर्षानुवर्षं राहू शकतात. पाणी वरून घाला, आणि दर वेळी थोडं खालून निथळून जाईल इतकं घाला. निथळलेलं फेकून द्या. उन्हाळ्यात बशी लागलीच तर तिच्यात पावसाचं किंवा आरओचं पाणी ठेवा. दोन पाणी मिसळलीत तर आकडाही मिसळतो: १५० चं आणि १५ चं निम्मं-निम्मं घेतलं की साधारण ८० चं होतं. वर्षातून एकदा, जानेवारी-फेब्रुवारीत, मिश्रण पूर्ण बदला. पांढरा थर दिसायला लागला असेल तर जानेवारीची वाट बघू नका.

मिश्रणाकडे मात्र पाण्याइतकंच लक्ष हवं, कारण ही चूक पाण्याच्या नावावर खपते. आपल्याकडे पीट मॉस महाग, म्हणून नर्सरीवाले कोकोपीट देतात. नारळाच्या सोडणात सोडियम आणि पोटॅशियम असतंच, त्यात काही ठिकाणी ती खाडीच्या पाण्यात भिजवलेली असतात. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये झाड लावून वर डिस्टिल्ड पाणी घालणं म्हणजे निव्वळ खर्च. निथळणारं पाणी शंभराच्या आत येईपर्यंत ते धुवावं लागतं. शेणखत, गांडूळखत, बागेची माती, समुद्राची वाळू यातलं काही नको. मातीच्या कुंडीच्या भिंतीत क्षार मुरून राहतात, प्लॅस्टिकची बरी.

अपवादही आहेत. मेक्सिकोतल्या पिंग्विक्युलाच्या (चिकट पानांनी किडे धरणारं झाड) अनेक जाती चुनखडीच्या आणि जिप्समच्या कड्यांवर वाढतात आणि जड पाणी बऱ्यापैकी सोसतात. मलेशियातल्या सारावाकमधली नेपेंथिस नॉर्थियाना ही घटपर्णी चुनखडीच्या डोंगरावरचीच. अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांच्या भागात सरासेनिया पुरपुरिया काही चुनखडीयुक्त पाणथळींतही सापडते. पण तिथलं पाणी झिरपत, वाहत राहतं, बशीत आटत नाही. सुरुवात करणाऱ्याला घटपर्णीच्या संकरित जाती सोप्या जातात, कारण त्यांना बशीत बुडवून ठेवायचंच नसतं. वरून घातलेलं पाणी निथळून जातं आणि क्षार सोबत नेतं.

शेवटी पाण्यावर उगाच येणारे आळ. फ्लायट्रॅपचा एक सापळा मोजक्या वेळा मिटतो आणि मग काळा पडून झडतो, तो झडणारच. बोटानं खेळ करत बसलात तर आणखी लवकर. हिवाळ्यात हे झाड तीनेक महिने विसावतं, पानं आखूड होतात, बरीचशी काळी पडतात. मुंबईत थंडीच नसल्यामुळे त्याला तो विसावा धड मिळत नाही आणि एक-दोन वर्षांत ते खंगत जातं. घटपर्णीला घट लागले नाहीत तर आधी ऊन आणि हवेतला दमटपणा तपासा. ड्रॉसेराच्या पानांवर थेंब नसले तर बहुतेक वेळा ऊन कमी पडत असतं. निथळलेल्या पाण्याचा आकडा शंभराच्या आत आहे आणि तरी डिसेंबरात फ्लायट्रॅप मरगळलाय, तर पाणी बदलू नका. कुंडी गार जागी हलवा, मिश्रण जेमतेम ओलं ठेवा आणि फेब्रुवारीत मधल्या कोंबाकडे बघा.